मोबाइल किंवा लॅपटॉप भिजला तर काय करावं

पाण्यातून बाहेर काढलेला मोबाइल आधी चालू करून बघावासा वाटतो. नेमकं तेच करू नका. दुरुस्तीच्या टेबलावर मी पाहिलेले कित्येक फोन पाण्याने गेले नव्हते, त्यानंतरच्या चार्जिंगने गेले होते.

पाण्यातल्या क्षारांमुळे त्यातून वीज वाहते. बॅटरी जोडलेली असताना बोर्ड, म्हणजे आतली सगळे भाग जोडणारी सर्किटची पाटी, भिजला की विजेच्या जोरावर तांबं झपाट्याने झिजतं आणि जवळजवळच्या टोकांमध्ये शॉर्ट होतो. म्हणून पहिलं काम वीज तोडण्याचं.

१. चार्जर लावलेला असेल तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग पिन काढा. फोन बंद करा. लॅपटॉपचं पॉवर बटण तो पूर्ण बंद होईपर्यंत दाबून धरा. बॅटरी सहज निघत असेल तर काढून ठेवा. ती फुगली किंवा तापली असेल तर मात्र हात लावू नका, लांब राहा.

२. कव्हर आणि सिमचा ट्रे काढा, वरचं पाणी सुती कापडाने टिपून घ्या. झटकू नका, पाणी आणखी आत जातं. लॅपटॉप उघडून, कीबोर्ड खाली येईल असा तंबूसारखा उपडा ठेवा.

३. हेअर ड्रायर नको, तांदूळही नको. तांदळाचे कण आणि पीठ पोर्टमध्ये अडकतं. आयफोन तांदळात ठेवू नका, असं खुद्द ॲपल सांगते. मुख्य म्हणजे पाणी सुकलं तरी क्षार आतच राहतात. चहा, सरबत किंवा समुद्राचं पाणी असेल तर आणखी वाईट.

४. चालू न करता लवकरात लवकर दुरुस्तीला न्या. तिथे बोर्ड बाहेर काढून, बहुधा आयसोप्रोपिल अल्कोहोलने (चटकन उडून जाणाऱ्या द्रवाने), धुतला जातो. काय सांडलं, कधी सांडलं, नंतर चार्ज केला का, हे खरं सांगा. पुष्कळ जण लपवतात. पण बहुतेक फोनमध्ये पाणी लागलं की रंग बदलणारं स्टिकर असतं, आणि खरं कळलं तर शोधाशोधीचे तास वाचतात.

५. फोन हवा आहे की त्यातले फोटो, हे आधीच सांगा. फक्त डेटा हवा असेल तर कामाची पद्धतच बदलते.

आता गैरसमजांबद्दल. ‘वॉटरप्रूफ आहे ना!’ फोनवर लिहिलेलं आयपी ६७ हे धूळ-पाणी रोखण्याचं मानक. पाण्यापुरतं त्याचा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, तेही चाचणीतल्या स्वच्छ पाण्यात. फोन पडला, जुना झाला, एकदा उघडला गेला की आतली सीलं पूर्वीसारखी राहत नाहीत. शिवाय पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही.

‘फक्त डिस्प्ले बदला, बाकी ठीक आहे,’ असंही ग्राहक सांगतात. दिसतो तो डिस्प्ले. बोर्डावरच्या पत्र्याच्या झाकणांखाली आणि चिपच्या पोटाखाली पाणी शिरलंय का, ते उघडल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे आज चालणारा फोन काही आठवड्यांनी बंद पडू शकतो. ‘तुमच्याकडे दिल्यावरच बिघडला’ ही तक्रार बऱ्याचदा इथूनच येते. भिजलेल्या बोर्डाची हमी द्यायला चांगला कारागीर कचरतो, तोही याच कारणाने. तपासणीचे पैसे वेगळे लागतील का, हे मात्र आधी विचारून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

दुरुस्त होऊन परत आलेला फोन हातात पडला की त्याच दिवशी सगळ्याचा बॅकअप घ्या.