बॅप्टिशियाचं बी उगवेना, तेव्हा केलेली खटपट

अमेरिकेतल्या इलिनॉयच्या प्रेअरीतली, म्हणजे गवताळ माळावरची रानफुलं परसात लावायची म्हटलं तर पांढरा बॅप्टिशिया हवाच. वाटाण्याच्या कुळातला, दरवर्षी मुळातून फुटणारा. जूनमध्ये 3-4 फूट उंच पांढरे तुरे. पण बी काही केल्या रुजेना.

काळ्या शेंगा हलवल्या की छान खुळखुळतात, त्यावर जाऊ नका. फोडल्या तर कित्येकींत सोंडकिडे बसलेले आणि बी पोखरलेलं! भरीव दाणे तेवढे वेचले. कवच इतकं टणक की पाणी आत शिरतच नाही. म्हणून दोन पॉलिशपेपरांत घालून हलक्या हाताने घासले, वरची चकाकी जाईपर्यंत, आणि रात्रभर भिजत टाकले. टम्म फुगलेले ओल्या वाळूत घालून काही दिवस फ्रीजमध्ये. (घरच्यांची कुरकुर वेगळी.) पेरताना रायझोबियमचं जिवाणू खत चोळलं, आपल्याकडे हरभऱ्याला चोळतात तसंच.

मग मात्र भराभर कोंब आले. सोटमूळ खोल जातं, त्यामुळे उंच कुंड्या घेतल्या आणि रोपं लहान असतानाच जमिनीत लावली. मोठं झाड हलवलेलं त्याला सोसत नाही. फुलांसाठी दोन-तीन वर्षं तरी थांबायचं.