मांजराला शाकाहारावर ठेवायचं असेल तर

घरात अंडंही शिजत नाही, पण मांजर मात्र लाडाचं, अशी कितीतरी घरं आपल्याकडे आहेत. तिथल्या मांजराच्या वाटीत दूध-पोळी नाहीतर दही-भात असतो. त्याने पोट भरतं, पोषण होत नाही. गावाकडचं मांजर उंदीर-पाली मारून उणीव भरून काढतं. फ्लॅटमधल्या मांजराला तीही सोय नाही.

१. आधी त्याची गरज समजून घ्या. मांजराला टॉरिन नावाचा घटक रोज अन्नातूनच मिळावा लागतो. तो मांस-मासळीत असतो, डाळ-तांदळात नाही. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदयाचे स्नायू दुबळे होतात. या हृदयविकाराचं मूळ १९८७ साली अमेरिकेतल्या संशोधनातून उघड झालं आणि त्यानंतर तयार कॅट फूडमधलं टॉरिन वाढवण्यात आलं. अ जीवनसत्त्वाचंही तसंच. आपण ते गाजरातून बनवून घेतो, मांजराला ते जमत नाही. म्हणून घरी शिजवलेल्या शाकाहारी जेवणावर मांजर ठेवू नका. सोयाबीन, पनीर काहीही घातलं तरी.

शाकाहारी घरासाठी मला सगळ्यात सुरक्षित वाटतो तो मार्ग म्हणजे मांस घातलेलं तयार ड्राय फूड. घरात काही शिजवावं लागत नाही. वाटी, चमचा आणि डबा वेगळा ठेवला की झालं. तेही मनाला पटत नसेल, तरच टॉरिन वरून घातलेलं तयार शाकाहारी कॅट फूड. पुढच्या पायऱ्या त्यासाठी.

२. आपलं मांजर यात बसतं का ते बघा. पिल्लं, गाभण किंवा अंगावर पाजणारी मांजरी, मूत्रपिंडाचा आजार असलेलं मांजर आणि लघवीचा त्रास होऊन गेलेला बोका यांच्यावर हा प्रयोग नको.

३. डॉक्टरांकडून तपासून घ्या. वजन, रक्त, लघवी आणि हृदय यांची आधी नोंद झाली, तरच पुढे काय बदललं ते कळेल.

४. पाकीट उलटून मागची बाजू वाचा. पुढे हिरवं पान छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. हे अन्न मांजरासाठी ‘संपूर्ण व संतुलित’ आहे, कोणत्या वयासाठी आहे आणि ‘आफको’ (AAFCO) किंवा ‘फेडियाफ’ (FEDIAF) या पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकी आणि युरोपीय संस्थांच्या निकषांत बसतं, असं स्पष्ट लिहिलेलं हवं. घटकांच्या यादीत टॉरिन शोधा. ‘पूरक आहार’ लिहिलं असेल तर ते रोजचं जेवण नव्हे. कुत्र्याचं शाकाहारी खाणं मांजराला चालत नाही.

५. बदल हळूहळू करा. पहिले दोन-तीन दिवस जुन्यात पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण. आठ-दहा दिवस तरी लागू द्या. ‘भूक लागली की खाईल आपोआप’ हा हट्ट मांजराशी करू नका. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. दिवसभर तोंड लावलं नाही तर लगेच जुनं खाणं द्या. चव यावी म्हणून कांदा-लसणाची आमटी तर अजिबात नको. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

६. लिटर ट्रेवर लक्ष ठेवा. वनस्पतिजन्य खाण्याने लघवीची आम्लता कमी होऊ शकते आणि मग त्यात खडे धरायला लागतात. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, ड्राय फूड पाण्यात भिजवून द्या. सुरुवातीला दर दोन-तीन महिन्यांनी लघवीची तपासणी करा, डॉक्टर सांगतील तेव्हा रक्ताची. वजन उतरलं, केस निस्तेज झाले, अंधूक उजेडात मांजर अडखळू लागलं, तर प्रयोग थांबवून मांसाचं खाणं सुरू करा.

बोका पुनःपुन्हा ट्रेमध्ये बसतोय, कण्हतोय, खालचा भाग सारखा चाटतोय आणि वाळू मात्र कोरडीच, तर लघवी तुंबली आहे असं समजा. रात्र असली तरी सकाळची वाट न बघता त्याला दवाखान्यात न्या.