दुपारच्या पाळीतले बारीक शाफ्ट

बडोद्याच्या कलाभवनातून, म्हणजे आपल्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीतून, थेट मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नोकरीला लागणाऱ्या मुलामुलींना पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं, "प्रॉब्लेम घेऊन येऊ नकोस, सोल्युशन घेऊन ये." हा सल्ला मला घातक वाटतो. नवीन माणसाजवळ उत्तर कुठून असणार? पण जुन्यांना जे सवयीचं झालंय ते त्याला खटकतं, आणि उत्तर मिळेपर्यंत तो गप्प राहिला तर काही महिन्यांत त्यालाही ते खटकेनासं होतं.

माझ्या सुरुवातीच्या नोकरीत आम्ही पंपांचे शाफ्ट, म्हणजे फिरणारे दांडे, करायचो. उन्हाळ्यात दुपारच्या पाळीचे शाफ्ट इन्स्पेक्शनमध्ये बारीक भरायचे. ऑपरेटर काका म्हणायचे, "साहेब, माप तो बराबर ज आव्युं हतुं." म्हणजे माप तर बरोबरच आलं होतं. इन्स्पेक्टर म्हणायचा, मग हे काय? भांडण रोजचंच, आणि ठपका ठरलेला: दुपारी काकांचं लक्ष नसतं.

खरं तर दोघंही बरोबर होते. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण 11 ते 12 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, वाढतं. 60 मिमीचा शाफ्ट तो मोजायच्या साधनापेक्षा, म्हणजे मायक्रोमीटरपेक्षा, 25 अंशांनी गरम असेल तर तो जवळपास 17 मायक्रॉन जाड दिसतो. आणि या मापाला एच6 या अचूकतेच्या दर्जाची सगळी टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरक, 19 मायक्रॉन. काका मशीनवरून उतरलेला गरम जॉब मोजत होते, इन्स्पेक्शन रूममध्ये तोच 20 अंशांवर निवून मोजला जात होता. ही गोष्ट पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेली असते. पण ती दिसायला मशीनपाशी उभं राहून जॉबला हात लावावा लागला.

मग पुढचे 'का'. जॉब एवढा गरम का? कूलंट, म्हणजे जॉब थंड ठेवणारं पाणी, कमी पडतोय. कमी का? टाकी अर्धी. अर्धी का? भरायचं काम सकाळच्या पाळीचं की दुपारच्या, हे कुणी ठरवलंच नव्हतं. टोयोटाच्या कारखान्यांतून जगभर गेलेली 'पाच वेळा का विचारा' ही पद्धत हीच. पाच हा आकडा पाळायची गरज नाही. उत्तरात माणसाचं नाव आलं की मात्र थांबू नका, आणखी एकदा विचारा.

टाकीवर खूण केली, पाळी बदलताना ती पाहायचं काम नेमून दिलं, आणि मोजण्याआधी जॉब निवायला एक रॅक ठेवला. मायक्रोमीटर पडताळायचा मास्टर, म्हणजे नेमक्या मापाचा नमुना, तोही मशीनपाशीच आला. रॅकची जागा काकांनी सुचवली. माझी जागा ट्रॉलीच्या वाटेत येत होती. खर्च म्हणावा असा काही झाला नाही.

नवीन असाल तर एक साधी वही ठेवा. काय घडलं, कुठल्या मशीनवर, कुठल्या पाळीत, किती नग. 'दुपारी' हा शब्द वहीत वारंवार आला म्हणूनच आम्हाला उन्हाचा संशय आला. सुपरवायझरकडे जाताना तक्रार नको, ते पान न्या. सुधारणेच्या फॉर्मवर ऑपरेटरचं नाव आधी लिहा, कारण उद्या ती पद्धत पाळायची त्याला आहे.

आणि प्रत्येक अडचणीला 'संधी' म्हणू नका. प्रेसचं हात वाचवणारं गार्ड काढून ठेवलेलं दिसलं तर वही बाजूला ठेवा, मशीन बंद करायला लावा, तिथल्या तिथे. पगार महिनोन्‌महिने लांबतोय, ओव्हरटाइम मिळत नाही, ही मालकाची जबाबदारी आहे; ती कुणी तुमच्या 'दृष्टिकोनावर' ढकलत असेल तर ऐकून घेऊ नका. जे तुमच्या हातात आहे ते बहुधा लहानच असतं: एखादी खूण, रॅक, पाळी बदलतानाची दोन मिनिटं. सुरुवात तिथून करा, आणि महिन्याभरानं परत जाऊन बघा. आमच्या टाकीवरची खूण तेलानं पुसली गेली होती. मग ती पंच मारून पक्की केली.