चुलीच्या कामाला येताय? आधी भाकर कुठे शेकतात ते पाहा

समाजकार्याची पदवी घेऊन यवतमाळ जिल्ह्यात निर्धूर चुलींच्या कामावर रुजू झाले, तेव्हा हातात एक तक्ता मिळाला. गाव, चूलताईचं नाव, महिन्याचं उद्दिष्ट, बसवलेल्या चुली. त्यातल्या किती चुली रोज पेटतात, याला तक्त्यात रकानाच नव्हता. या कामात नव्याने येणाऱ्यांना मला जे सांगायचंय, ते त्या नसलेल्या रकान्याबद्दल आहे.

चूलताई म्हणजे गावातलीच बाई. मातीकामाला हात बसलेला असतो, चार दिवसांचं प्रशिक्षण घेते, साच्यावर दोन भांड्यांची चूल घालते, धुरांडं बसवते आणि दर चुलीमागे मजुरी घेते. ही पद्धत जुनीच. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम 1983 साली सुरू झाला आणि 2002 मध्ये बंद पडला. त्यातही गावोगावच्या कारागिरांकडून चुली बसवून घेत. जुन्या घरांमध्ये त्या काळातलं छपराचं भोक मला अजून दिसतं, कौलाच्या तुकड्याने झाकलेलं. चूल मात्र कधीच मोडलेली असते.

का मोडली, हे मला एका चूलताईने दाखवलं. तिने बसवलेल्या चुली पाहायला आम्ही दोघी फिरत होतो. घरामागून घर, चुलीचं तोंड फोडून मोठं केलेलं. मी नाराज झाले. तोंड मोठं झालं की जास्तीची हवा शिरते, आच निसटते, सगळी बचत जाते, असं मी घरच्या बाईला समजावू लागले. ताईने माझा हात दाबला आणि म्हणाली, "मॅडम, थोडं बसा. तिला भाकर करू द्या."

बसलो. भाकर तव्यावरून उतरली की ती बाई चुलीच्या तोंडाशी निखारे ओढायची, त्यांच्यापुढे भाकर उभी करून शेकायची. तेव्हा कुठे भाकर टम्म फुगायची. साच्यातल्या चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांना जागाच नव्हती. तिने चूल बिघडवली नव्हती, आपल्या स्वयंपाकाला लागेल तशी करून घेतली होती. पुढच्या चुलींना ताईने तोंडाची मापं तीच ठेवली आणि पुढे मातीचा एक पसरट ओटा घातला, निखारे ओढायला. ही दुरुस्ती आमच्या प्रशिक्षकांना सुचली नव्हती. कारण भाकर शेकताना ते कधी तिथे बसलेच नव्हते.

म्हणून पहिला महिना चूल मोजू नका, स्वयंपाक पाहा. आमच्याकडे उन्हाळ्यात जळण म्हणजे पऱ्हाट्या, कापसाची वाळलेली झाडं. त्या भडकन पेटतात आणि लवकर विझतात, सारख्या सारायला लागतात. जाड ओंडका लावून शेतावर जायची सवय असलेल्या घरात अरुंद तोंडाची चूल म्हणजे लाकूड बारीक फोडायचं नवं काम. ते कोण करणार, हे चूल घालायच्या आधी विचारावं लागतं. कापसाची काळी माती सुकताना आक्रसते, चुलीला तडे जातात. तूस, शेण आणि वाळू किती मिसळायची हे त्या गावच्या ताईलाच कळतं. तिथे आपण शिकवायला जाऊ नये.

सगळ्यात मोठा प्रश्न पैशांचा. बहुतेक ठिकाणी ताईला चूल बसवल्याचे पैसे मिळतात, परत जाऊन पाहिल्याचे नाही. पण खरं काम परतीच्या फेरीत असतं. धुरांड्यात काजळी साचते, ओढ कमी होते आणि धूर घरातच फिरतो. पहिल्याच पावसात पाइपाभोवतीच्या भोकातून पाणी गळतं. लोक बोल लावतात तो ताईला, आपल्याला नाही. तिला त्याच गावात राहायचं असतं, त्याच विहिरीवर जायचं असतं. मी काम करत असलेल्या संस्थेत हे पटवायला मला वर्ष गेलं. मग मजुरीचे दोन भाग केले: अर्धी चूल बसवल्यावर, उरलेली पंधरा दिवसांनी आणि तीन महिन्यांनी फेरी मारल्यावर. एसटीचं भाडं वेगळं. चुलींचा आकडा खाली आला, पेटत्या चुली वाढल्या.

फुकट वाटपापासूनही तिला सांभाळा. शेजारच्या गावात कुणी लोखंडी चुली फुकट वाटून गेलं, की महिनाभर तिच्याकडे कुणी फिरकत नाही. त्या चुलीची जाळी जळाली की लोक तिलाच दुरुस्तीला बोलावतात, आणि तो भाग तिच्याकडे नसतो. अशा वेळी मी मदत केली ती एवढीच: तिचे साचे दुरुस्त करून ठेवले आणि पाइप फुटू नयेत म्हणून ते स्वतः टेम्पोत बसून आणले.

बचत गटाच्या बैठकीत मी सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सांगायचे: घरातल्या धुरामुळे 2020 साली जगभरात सुमारे 32 लाख मृत्यू. बाया ऐकून घ्यायच्या. ताई मात्र ताणकाटा काढायची. एका घरात जुन्या चुलीवर तीन दिवस आणि नव्या चुलीवर तीन दिवस, सकाळी मोळी तोलायची, दुसऱ्या दिवशी उरलेलं तोलायचं, जेवणारी माणसं तेवढीच ठेवायची. मग तो फरक त्या घरची बाईच बैठकीत सांगायची. तिचं ऐकून लोक नाव नोंदवायचे.

आणि गॅसच्या विरोधात चूल उभी करू नका. 2016 पासून उज्ज्वला योजनेचं सिलिंडर अनेक घरांत आहे; चहा आणि घाईची भाजी त्यावर होते, भाकर आणि अंघोळीचं पाणी चुलीवर. धुरांड्याची चूल धूर घराबाहेर काढते, गॅसइतकी स्वच्छ नसते. हे ताईने स्पष्ट सांगावं, असा आग्रह मी धरते. त्या दिवशी एखादं नाव वहीतून कमी होतं. ती तरी सांगते, आणि पंधरा दिवसांनी त्याच घरावरून जाताना आत डोकावून विचारते, "सिलिंडर पुरलं का?"