सीलिॲक घेऊन परदेशी येताय?

सीलिॲक म्हणजे ग्लूटेनमुळे, म्हणजे गहू, बार्ली आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) यांतल्या प्रथिनामुळे, आतड्याच्या अस्तराला इजा होणारा आजार. तो असेल तर बॅग भरण्याआधी फाइल काढा. टीटीजी रक्ततपासणीचा (यात या आजाराच्या अँटिबॉडी मोजतात) आणि बायोप्सीचा (आतड्याचा कण काढून केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट सोबत हवाच, जमल्यास तिथल्या भाषेत भाषांतर करून. मी तो कपाटातच विसरून आले. नव्या डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं. ग्लूटेन सोडून मला दोन वर्षं झाली होती, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला आणि 'तुम्हाला काहीच नाही' हे ऐकावं लागलं! ग्लूटेन बंद केलं की अँटिबॉडी उतरतात, आतड्याच्या अस्तराची झीजही हळूहळू भरून येते. मग निदान पुन्हा करायचं तर कमीत कमी सहा आठवडे रोज ग्लूटेन खाऊन तपासणी. त्यापेक्षा तो कागद सांभाळलेला बरा. आणि ज्यांना अजून नुसता संशय आहे, त्यांनी तपासणीआधी गहू सोडूच नये.

आता लेबलं. 'ग्लूटेन-फ्री' म्हणजे किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची मर्यादा हीच, युरोप-अमेरिकेतही जवळपास हीच. ऑस्ट्रेलियात मात्र तपासणीत ग्लूटेन सापडताच कामा नये, आणि ओट्सवर तो शब्द छापायलाच बंदी. युरोपात घटकांच्या यादीत गहू, बार्ली, राय उठून दिसतील असे छापावे लागतात. अमेरिकेत ॲलर्जीच्या सूचनेची सक्ती यांपैकी फक्त गव्हाला आहे, बार्ली 'माल्ट' नावानं यादीत गुपचूप बसलेली असते. म्हणून 'व्हीट-फ्री' वाचून हुरळू नका. देश बदलला की ओळखीच्या डब्याचं लेबलही नव्यानं वाचायचं. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतोच. गोळ्या-औषधांचं फार्मासिस्टला विचारा.

पण मला खरा त्रास झाला तो घरात. फ्लॅटमेट सज्जन, माझी भांडी वेगळी, तरी दर आठवड्याला पोट फुगायचं आणि अंगात त्राण उरायचं नाही. एका सकाळी लोण्याचा डबा उजेडात धरला, तर लोण्यात सुरीच्या खुणा आणि त्यात रुतलेले पावाचे चार-पाच करपलेले कण. तिच्या टोस्टवरून फिरलेली सुरी रोज माझ्या डब्यात येत होती. तिच्या हे गावीही नव्हतं. तेव्हापासून लोणी, जॅम वेगळे, डब्यांना लाल चिकटपट्टी. टोस्टर, लाकडी चमचे आणि चाळणी कधीच वाटून घेऊ नका, कारण फटीत अडकलेलं धुऊन निघत नाही. स्टील आणि काच साबणानं नीट धुतली की चालतात. फ्रिजमध्ये वरचा कप्पा आपला, म्हणजे दुसऱ्याचा चुरा आपल्यावर सांडत नाही. हे सगळं खोली बघायला जाल तेव्हाच बोलून घ्या. राहायला गेल्यावर बोललं की कुरकुर वाटते.

बाहेर खाताना मी एकच प्रश्न विचारते: तळणीचं तेल वेगळं आहे का? 'थोडंसं चालेल ना?' असं उत्तर आलं की उठायचं. ग्लूटेन नुसतं सोसत नाही अशांचा त्रास पोटापुरता नसतो, पण त्यांच्या आतड्याला ही इजा होत नाही. सीलिॲकमध्ये होते, कधी कधी काही जाणवलं नाही तरी.

आणखी एक, घरच्यांसाठी. आईवडील, भावंडं, मुलं यांचीही रक्ततपासणी करून घ्या, जवळच्या नात्यात साधारण दहातल्या एकाला निघतो. माझ्या बहिणीला निघाला. पोटाची तक्रार तिची कधीच नव्हती, फक्त हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं कमी, आणि लोहाच्या गोळ्या काही केल्या लागू पडत नव्हत्या.