हातात कॅमेरा धरून फोकस स्टॅकिंग करताय? या चुका टाळा

सप्टेंबरात कास पठारावर दवबिंदूचं रोप पहिल्यांदा मॅक्रो लेन्समधून पाहिलं आणि लक्षात आलं की हे एका फोटोत मावणारं नाही. वीतभरही उंची नाही, सुईसारखी बारीक पानं, पानांवर लालसर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक चिकट थेंब. पुढचा थेंब धरला की मागचं पान पुसट, मागचं पान धरलं की पुढचे थेंब गायब. अशा वेळी फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो घेतात आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग सॉफ्टवेअरने एका फोटोत जोडतात, हेच फोकस स्टॅकिंग. त्या दिवशी अकरा वेळा बर्स्ट (सलग झटपट फोटो) घेतला. घरी आल्यावर एकही स्टॅक नीट जुळला नाही. सॉफ्टवेअरच्या सेटिंग बदलत दोन रात्री घालवल्या, तेव्हा कुठे उमगलं की चूक पठारावरच झाली होती.

सॉफ्टवेअर फ्रेम सरकवतं, थोडी फिरवतं, लहान-मोठी करतं. पण जो भाग कुठल्याच फ्रेममध्ये स्पष्ट आलेला नाही, तो त्याला आणता येत नाही. आणि कॅमेऱ्याची जागा बदलल्यामुळे दृश्यच बदललं असेल, तर तेही त्याला पूर्ववत करता येत नाही. हाताने केलेले बहुतेक स्टॅक या दोन कारणांनीच फसतात.

मधल्या फ्रेम निसटतात

ओळखायची खूण सोपी आहे. थेंब स्पष्ट, मग मिलिमीटरभर धूसर पट्टा, मग पुन्हा स्पष्ट. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १:१ मॅग्निफिकेशनला (म्हणजे वस्तू सेन्सरवर मूळ आकाराचीच उमटते तेव्हा) अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ८ ठेवलं तर स्पष्ट भागाची जाडी जेमतेम १ मिलिमीटर असते, एफ ५.६ ला साधारण ०.७. दोन फ्रेममधलं अंतर याच्या निम्म्याहून फार जास्त नको. म्हणजे एफ ५.६ ला ८ मिलिमीटर खोलीच्या फुलासाठी वीसेक फ्रेम लागतात. मी त्या दिवशी सात-आठ घेत होतो.

फोकस रिंग एका जागी ठेवून शरीर पुढे झुकवत बर्स्ट घेत असाल, तर वेग किती हवा ते पाहा. सेकंदाला १० फ्रेम आणि प्रत्येक फ्रेममध्ये ०.४ मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला ४ मिलिमीटर. एका सेकंदात तांदळाच्या दाण्याच्या लांबीइतकंही पुढे जायचं नाही. आपण नकळत याच्या पाचपट वेगाने झुकतो. दोन्ही कोपर गुडघ्यांवर किंवा जमिनीवर टेकवा, श्वास सोडा आणि हात न हलवता कमरेतून पुढे या. पहिली फ्रेम फुलाच्या किंचित अलीकडची असू द्या, म्हणजे सगळ्यात पुढची कडा हमखास मिळते. घरच्या जास्वंदीच्या केसरदांड्यावर याचा आठवडाभर सराव करा. पठारावर जाऊन शिकू म्हणाल तर हंगाम निघून जाईल.

कॅमेऱ्यातच फोकस ब्रॅकेटिंगची सोय असेल तर काम सोपं होतं, पण तिथे एक चकवा आहे. कॅमेरा फोकस समान टप्प्यांनी मागे नेतो, हे खरं. मात्र त्याच वेळी तुमचं शरीर १ मिलिमीटर मागे डोललं, तर तो टप्पा फुकट जातो आणि पुढे डोललं तर तेवढीच दरी पडते. ट्रायपॉडवर चाललेली सेटिंग हातात चालत नाही ती म्हणूनच. टप्पा निम्मा करा, फ्रेम दुप्पट घ्या आणि एकाच फुलाचे तीन-चार संच घ्या. त्यातला एखादाच अखंड निघतो, आणि एवढ्यावर मी खूश असतो.

फ्रेम वाचवायला एफ १६ वर जाण्याचा मोह टाळा. १:१ ला एफ १६ चा परिणाम एफ ३२ सारखा होतो, डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) सगळाच फोटो मऊ पडतो आणि स्टॅकिंगचा हेतूच जातो.

कॅमेरा बाजूला सरकतो

पुढे-मागे होणारी हालचाल निस्तरता येते. डावी-उजवी हालचाल झाली की पुढचा केस मागच्या पानावरून सरकतो आणि स्टॅकमध्ये एका केसाचे दोन होतात. दवबिंदूसारख्या, एकापुढे एक काड्या असलेल्या रोपात हे फार दिसतं. सपाट पाकळीत तितकं जाणवत नाही. उपाय एकच: ग्रिडच्या रेषा चालू ठेवा, मधल्या छेदावर एक ठरावीक थेंब धरा आणि तो तिथून हलू देऊ नका. चौकट सैल ठेवा. फ्रेम जुळवताना कडा कापल्या जातात, म्हणून चारही बाजूंना मोकळी जागा लागते.

वाऱ्याने रोप हललं तरी परिणाम हाच होतो. बागेतल्या फुलाला एक जुनी युक्ती चालते. डाव्या हाताच्या दोन बोटांत देठ धरायचा आणि त्याच हातावर लेन्स टेकवायची, म्हणजे फूल आणि कॅमेरा एकत्र हलतात. कासवर हे करू नका, मनापासून सांगतो. तिथे जांभ्याच्या कातळावर पातळसा मातीचा थर असतो, आणि त्या निकस मातीत नायट्रोजन कमी म्हणूनच दवबिंदू किडे धरून जगतो. देठ ओढला, बाजूचं गवत उपटलं किंवा गुडघा भलत्या जागी टेकला, तर फोटोपेक्षा मोठं नुकसान होतं. ट्रायपॉडचे तीन पाय पसरायलाही तिथे जागा नसते. पायवाटेच्या कडेचं रोप शोधा, सकाळी लवकर वारा पडलेला असताना पोहोचा, वाऱ्याच्या बाजूला स्वतःचं शरीर किंवा छत्री आडवी धरा. पायवाटेवरून पोहोचता येत नसेल तर ते रोप सोडून द्या.

उजेड फ्रेमगणिक बदलतो

ढग सरकतात, कॅमेरा ऑटोवर असतो, आणि वीस फ्रेमचे वीस रंग होतात. एक्स्पोजर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअल ठेवा. फ्लॅश वापरत असाल तर पूर्ण ताकदीवर तो बर्स्टला पुरा पडत नाही. १/१६ किंवा १/३२ वर आणा आणि समोर उजेड पसरवणारा मोठा डिफ्यूझर लावा. बऱ्याच कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटरवर फ्लॅश पेटतच नाही, हे घरीच तपासा. फ्लॅश कॅमेऱ्यावर असेल तर तुमच्या झुकण्याबरोबर थेंबातली चमकही सरकते आणि एका थेंबात ठिपक्यांची माळ उमटते. डिफ्यूझर मोठा असला की ती चमक पसरट होते आणि सरकलेली फारशी कळत नाही.

संगणकावर

रॉ फाइल उघडल्यावर सगळ्या फ्रेमला तीच सेटिंग द्या, शार्पनिंग शून्यावर ठेवा, १६ बिट टिफ काढा. झुकून घेतलेल्या बर्स्टमध्ये आपण मध्येच मागे आलेलो असतो, त्यामुळे फ्रेमचा क्रम बिघडलेला असतो. डेप्थ मॅप पद्धतीला (कुठला भाग किती खोल आहे याचा नकाशा बनवून जोडणाऱ्या) क्रम लागतो, म्हणून आधी फ्रेम पुढून मागे लावून घ्या आणि हललेल्या काढून टाका. एका हललेल्या फ्रेमने अख्खा स्टॅक बिघडतो.

पद्धत निवडताना रोप पाहा. एकमेकांवरून जाणारे केस, पुंकेसर, काटे असतील तर झेरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरचं पीमॅक्स किंवा हेलिकॉन फोकस या सॉफ्टवेअरची सी पद्धत. नॉइज जरा वाढतो, पण कडा सुटत नाहीत. गुळगुळीत पाकळीला झेरीनचं डीमॅप किंवा हेलिकॉनची बी, या डेप्थ मॅप पद्धती; रंग जास्त खरे राहतात. कडेभोवती धूसर वलय आलं तर सॉफ्टवेअरच्या रिटचिंगमध्ये मूळ फ्रेममधला स्वच्छ भाग ब्रशने आणा. आणि शेवटच्या फ्रेम नीट तपासा: फोकस रोपाच्या पलीकडे जाऊन मागच्या गवतावर पोहोचला असेल तर त्या फ्रेम वगळा, नाहीतर मऊ पार्श्वभूमीत गवताच्या काड्या टोचू लागतात.

सीतेच्या आसवांसारखं हलकं फूल वाऱ्यात डोलत असेल, तर मी स्टॅकच्या भानगडीत पडत नाही. सेन्सर फुलाच्या पाकळीला समांतर धरतो, एफ ११ लावतो, फ्लॅश चालू करतो आणि वारा थांबल्याच्या क्षणी एकच फ्रेम घेतो.