चौथं वाचन की कोरा कागद?

रात्री दहाला अभ्यासिकेतून उठताना पंचायत राजचं प्रकरण चौथ्यांदा वाचून झालेलं असतं. पिवळ्या हायलायटरने अर्धं पान रंगलेलं असतं. पान उघडलं की प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, मन म्हणतं, ‘हे आता झालं.’ दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कोणी विचारतं, ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीतली कुठली कधी अमलात आली? तेव्हा आठवतं एवढंच, की ते डाव्या पानावर होतं, खालच्या चौकटीत.

ओळखीचं वाटणं वेगळं आणि आठवणं वेगळं. वाचत राहण्यात कष्ट कमी, तास भरल्याचं समाधान जास्त. पुस्तक मिटून कोऱ्या कागदासमोर बसलं, की पाच मिनिटांत आपल्याला किती कमी येतं ते उघडं पडतं. म्हणून माणूस पहिल्याच रस्त्याने जातो. कठोपनिषदात यम नचिकेताला श्रेय (हिताचं) आणि प्रेय (आवडीचं) असे दोन रस्ते सांगतो. अभ्यासाच्या टेबलावर ही निवड दिवसातून दहा वेळा करावी लागते, आणि दर वेळी प्रेयच अभ्यासाच्या वेषात येतं.

२००६ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्राच्या दोन संशोधकांनी हे मोजून दाखवलं. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रं वाचला. दुसऱ्या गटाने एक सत्र वाचला आणि तीन सत्रं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणारे ४० टक्क्यांवर आले आणि आठवणारे ६१ वर राहिले. गंमत म्हणजे, आपल्या लक्षात राहील अशी जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती. तेव्हा वाचनाची पद्धत अगदीच कुचकामी नाही. पाच मिनिटांनी परीक्षा असेल तर जरूर वाचा. तुमची परीक्षा सहा महिन्यांनी असेल तर पुढची पद्धत वापरा. इथे उदाहरण राज्यसेवेचं घेतलं आहे, पण भाषा शिकणाऱ्याला किंवा खात्याची विभागीय परीक्षा देणाऱ्यालाही हीच चालते.

एका बैठकीची मांडणी

साधारण ५० मिनिटं धरा. पहिली २० मिनिटं वाचन, पेन हातात न घेता. हायलायटर बॅगेतच राहू द्या. रंगवताना हात चालतो आणि डोकं थांबतं.

मग पुस्तक मिटा आणि बॅगेत ठेवा. टेबलावर पालथं ठेवलेलं पुस्तक दोन मिनिटांत उलटं होतंच. कोऱ्या कागदावर १० ते १२ मिनिटं, आठवेल तसं लिहा. क्रम चुकला तरी चालेल, वाक्यं अर्धी राहिली तरी चालेल. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला डोकं रिकामं झाल्यासारखं वाटेल आणि हात पुस्तकाकडे जाईल. अजून दोन मिनिटं तसंच बसा. ‘१९६०च्या पंचायत राज समितीचे अध्यक्ष पुढे मुख्यमंत्री झाले, म्हणजे वसंतराव नाईक’ अशी आडवाटेने सापडलेली गोष्ट पुस्तकात दहा वेळा पाहिलेल्या नावापेक्षा घट्ट बसते.

आता लाल पेनाने पुस्तकाशी ताडून पाहा. राहिलेलं लाल, चुकलेलं लाल. इथे घाई करू नका. न तपासलेली चूक तशीच पक्की होते आणि नंतर खणून काढायला दुप्पट वेळ लागतो. लाल शाई जास्त दिसली म्हणून नाउमेद होण्याचं कारण नाही. पहिल्या खेपेला निम्मं पान लाल असणं अगदी नेहमीचं आहे. उलट पहिल्याच वेळी सगळं निळं आलं, तर भाग सोपा होता किंवा तुम्ही तो पूर्वीच केला होता.

उरलेल्या वेळात फक्त लाल भागाची कार्डं करा. सगळ्या प्रकरणाची नकोत.

कार्ड आणि खोका

ए-फोर आकाराची जाड कार्डशीट झेरॉक्सवाल्याकडून आठ भागांत कापून घ्या. साधारण साडेसात बाय साडेदहा सेंटिमीटरचं कार्ड मिळतं, शंभर शीटमध्ये आठशे. साधा झेरॉक्सचा कागद वापरू नका, मागचं उत्तर पुढून दिसतं.

एका कार्डावर एकच प्रश्न, आणि उत्तर एका श्वासात सांगता येईल एवढं. ‘महाराष्ट्रातील पंचायत राज समित्या’ हे कार्ड नाही, प्रकरणाचं नाव आहे. त्याचे तुकडे करा: ‘१९६० साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष?’ वसंतराव नाईक. ‘बोंगिरवार समिती कधी नेमली?’ १९७०. ‘१९८४ची समिती कोणाची?’ प्राचार्य पी. बी. पाटील. मोठ्या कार्डाचा तोटा असा, की पाचपैकी तीन मुद्दे आले तर तुम्ही त्याला ‘आलं’ म्हणता आणि उरलेले दोन कधीच येत नाहीत.

जुळ्या गोष्टींची गल्लत ही सगळ्यात चिवट. ७३वी दुरुस्ती (पंचायतींची) २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, तिच्यासोबत अकरावी अनुसूची आणि २९ विषय आले. ७४वी (नगरपालिकांची) १ जून १९९३ पासून, तिच्यासोबत बारावी अनुसूची आणि १८ विषय. ही कार्डं वेगवेगळी केलीत तर दोन्ही येतात आणि तरीही परीक्षेत उलटीपालटी होतात. अशा जोडीसाठी एक जादा कार्ड करा, ज्यात प्रश्नच फरकाचा आहे: ‘२९ विषय कुठल्या अनुसूचीत, १८ कुठल्या?’

बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे चार पडदे घालून पाच खण करा. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर या पत्रकाराने १९७२ साली जर्मन भाषेतल्या एका पुस्तकातून लोकांपुढे आणली. नवं कार्ड पहिल्या खणात जातं. बरोबर आलं की पुढच्या खणात, चुकलं की थेट पहिल्यात, मग ते चौथ्या खणातून का चुकलेलं असेना. पहिला खण रोज पाहा, दुसरा एक दिवसाआड, तिसरा दर बुधवारी, चौथा एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी, पाचवा महिन्याच्या शेवटच्या रविवारी. पाचव्यातून पास झालेल्या कार्डांना रबर बँड लावून बाजूला ठेवा. परीक्षेच्या आदल्या महिन्यात ती एकदा काढायची.

रोज नवी कार्डं दहाच. हा आकडा कमी वाटतो, आणि नेमकी इथेच घसरगुंडी सुरू होते. हिशेब असा आहे: रोज दहा म्हणजे महिन्याला तीनशे, सहा महिन्यांत अठराशे. साध्या दिवशी पहिल्या-दुसऱ्या खणातली तीस-चाळीस कार्डं निघतात, एकाला १५ सेकंद धरले तर दहा मिनिटांचं काम. बुधवारी सत्तरेक वाढतात, म्हणजे वरची अठरा-वीस मिनिटं. चौथ्या खणाच्या शनिवारी दीडशेच्या आसपास, शेवटच्या रविवारी तीनशे, सव्वा तास. आता पहिल्या उत्साहात रोज चाळीस कार्डं केलीत तर त्या रविवारी बाराशे समोर येतील. खोका कपाटावर जाईल आणि तुम्ही परत हायलायटर काढाल.

मोबाइलवर करायचं असेल तर अँकी हे ॲप आहे, अँड्रॉइडवर आणि संगणकावर फुकट. त्यात नव्या कार्डांची मर्यादा मुळात वीस असते, ती दहावर आणा. एक चूक बहुतेक जण करतात: उत्तर चुकलं तरी ‘अवघड’चं बटण दाबतात. त्या बटणाचा अर्थ ‘आलं, पण कष्टाने’ असा आहे. चुकलं असेल तर ‘पुन्हा’ हेच बटण. कागदी खोक्याचा फायदा म्हणजे तो हातात घेतल्यावर व्हॉट्सॲप दिसत नाही.

ओळीने नको

पाढे ओळीने म्हणणारा मुलगा ‘तेरा एके तेरा’पासून धडधडत जातो. त्याला मधूनच ‘तेरा साते?’ विचारलं तर मनातल्या मनात पहिल्यापासून सुरुवात करतो आणि मग एक्याण्णववर येतो. त्याला पाढ्याची चाल येते, पाढा यायचा असतो. कार्डांचंही तसंच. तोच क्रम राहिला की आधीचं कार्ड पुढच्याचं उत्तर सुचवतं, म्हणून दर वेळी पिसून घ्या. चहाचा डाग पडलेलं किंवा कोपरा दुमडलेलं कार्ड बदला, नाहीतर डाग पाहूनच उत्तर येतं.

गणित-बुद्धिमत्तेत हे जास्त जाणवतं. काळ-काम-वेगाची बारा उदाहरणं सलग सोडवली की तिसऱ्यापासून डोकं लावावंच लागत नाही, सूत्र ठरलेलं असतं. परीक्षेत मात्र उदाहरण कुठल्या प्रकारचं हे आधी ओळखावं लागतं. रोहरर आणि टेलर यांच्या २००७ सालच्या प्रयोगात एकेका प्रकारची गणितं सलग सोडवणाऱ्यांना सरावात ८९ टक्के मिळाले, मिसळून सोडवणाऱ्यांना ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत पहिले २० टक्क्यांवर घसरले, दुसरे ६३ वर होते. तेव्हा चार प्रकरणांतली तीन-तीन उदाहरणं घ्या, क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहा, डब्यात टाका आणि निघेल ते सोडवा. मात्र नवीन प्रकार असेल तर पहिली चार-पाच उदाहरणं सलगच करा. पद्धत कळायच्या आधी मिसळलं तर फक्त गोंधळ वाढतो.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यावर कार्डांवर भागत नाही. मागच्या एखाद्या परीक्षेतला प्रश्न घ्या, सात मिनिटं लावा, पूर्ण उत्तर न लिहिता फक्त सांगाडा आठवून मांडा: प्रस्तावनेची एक ओळ, चार-पाच मुद्दे, प्रत्येकासमोर एक उदाहरण किंवा कलम. मग ताडून पाहा. असे रोज तीन सांगाडे झाले तरी पुष्कळ. आठवड्यातून दोन उत्तरं पूर्ण लिहा, घड्याळ लावून.

कुठे बिघडतं

कार्ड उलटायची घाई. उत्तर ‘जिभेवर आहे’ म्हणत उलटलं की ते बघून ‘हेच तर म्हणणार होतो’ असं वाटतंच. आधी मोठ्याने बोला, अभ्यासिकेत असाल तर कागदावर खरडा, मगच उलटा. अर्धवट बरोबर म्हणजे चूक. इथे स्वतःला सवलत दिली तर सगळा खोका खोटा होतो.

दुसऱ्याची कार्डं. तयार संच विकतही मिळतात आणि टेलिग्रामवरही फिरतात. त्यांत तुमच्या लाल शाईचं काही नसतं. जे तुम्हाला येतं ते दोनशे कार्डांत विचारतात आणि जे अडतं ते नेमकं नसतं.

न समजलेलं पाठ करणं. वित्त आयोगाचं काम काय हे कळलं नसेल तर त्याचं कलम २८० आहे एवढं आठवून उपयोग नाही. समजून घेण्यासाठी परत वाचायलाच हवं, शिक्षकाला विचारायला हवं. वाचनाशी वैर नाही, समजल्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या वाचनाशी आहे.

आणि गणपती-दिवाळी. आठ दिवस गावी गेलात की परत येईपर्यंत दोनशे कार्डं साचतात. एका दिवसात फडशा पाडायला बसू नका. नवी कार्डं बंद करा, रोज साठ कार्डं ठरवा, त्यात आधी पहिला आणि दुसरा खण, मग बाकीचे. बरीच कार्डं चुकतील आणि मागे जातील. चार-पाच दिवसांत गाडी रुळावर येते, मग पुन्हा दहा नवी सुरू करा.

काही कार्डं मात्र सातव्या-आठव्यांदाही पहिल्या खणातच असतात. ती बाजूला काढून दर रविवारी पाहा, कारण चूक बहुधा कार्डात असते: प्रश्न मोघम आहे, किंवा जुळ्याची गल्लत आहे, किंवा मूळ मुद्दाच समजलेला नाही. फाडून नव्याने लिहा. परीक्षेच्या आधीच्या दहा दिवसांत नवं कार्ड एकही नको. रबर बँडची गठ्ठी सोडा, पिसा, आणि जी चुकतील तेवढीच आदल्या दिवशी सकाळी एकदा पाहायला वेगळी ठेवा.